लावला, दिसला, काढायचा कधी?

साधारण २००२ साली लिनक्स वापरणाऱ्याच्या हाती पेनड्राइव्ह पडला की त्याचा पुढचा अर्धा तास ठरलेला असे. आधी 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून लॉगिन व्हायचं. मग कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एकेक मॉड्यूल हातानं द्यायचं. मदरबोर्डवरची यूएसबीची चिप इंटेल किंवा व्हीआयएची असेल तर 'यूएसबी-यूएचसीआय', नाहीतर बहुधा 'यूएसबी-ओएचसीआय'. त्यामागून 'यूएसबी-स्टोरेज', मग 'एसडी-मॉड', आणि शेवटी फाइली वाचता याव्यात म्हणून 'व्हीफॅट'. एवढं झाल्यावर एक रिकामा फोल्डर तयार करायचा आणि 'माउंट'ची आज्ञा द्यायची. ती बऱ्याचदा एका ओळीत तीन शंका काढून मोकळी व्हायची: फाइलसिस्टीमचा प्रकार चुकला असेल, पर्याय चुकला असेल, नाहीतर सुपरब्लॉक खराब असेल. यातलं नेमकं कोणतं, ते ज्याचं त्यानं शोधायचं. हा सगळा खटाटोप १६ किंवा ३२ एमबीच्या एका कांडीसाठी.

आज उबुंटू, फेडोरा किंवा डेबियनवर पेनड्राइव्ह खोचला की दोन सेकंदांत फाइलींची खिडकी दारात हजर. त्यामुळे हा प्रश्न सुटला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लावण्याच्या बाजूची अडचण गेली हे खरं, पण ती गेली कुठे हे पाहायला हवं. मागच्या वीस-बावीस वर्षांत ती एकेक पायरी सरकत काढण्याच्या बाजूला येऊन बसली आहे.

यूएसबी १.० चं प्रमाण १९९६ च्या जानेवारीत आलं. इंटेलमध्ये त्या कामाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पेनड्राइव्ह बाजारात आला तो २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा 'थंबड्राइव्ह' आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्सनं बनवलेला, आयबीएमच्या नावानं विकला गेलेला ८ एमबीचा 'डिस्कऑनकी' हे त्यातले पहिले. लिनक्सच्या कर्नेलची २.४ ही आवृत्ती, जिच्यात यूएसबी खऱ्या अर्थानं वापरण्याजोगी झाली, ती २००१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. म्हणजे पेनड्राइव्ह आणि त्याला ओळखणारं लिनक्स जवळजवळ बरोबरच आले. 'लिनक्स मागे होतं' ही तक्रार नीट तपासली तर ती कर्नेलवर टिकत नाही. पुढे २००९ च्या सप्टेंबरात यूएसबी ३.० चालवणारं पहिलं कर्नेल लिनक्सचंच होतं, आवृत्ती २.६.३१. विंडोजमध्ये ती सोय मुळातून आली विंडोज ८ बरोबर, २०१२ मध्ये.

मग एवढी मॉड्यूलं कशाला? पेनड्राइव्ह स्वतःची अशी भाषा बोलत नाही म्हणून. यूएसबीच्या तारेवरून तो स्कझी डिस्कच्या आज्ञा ऐकतो. ही त्याच्याआधीची, मोठ्या सर्व्हरांच्या डिस्कांची बोली. म्हणून लिनक्समध्ये त्याला नाव मिळतं ते स्कझी डिस्कचं, 'एसडीए'. त्यावरचा पहिला विभाग 'एसडीए१'. त्या काळी घरगुती संगणकातली हार्डडिस्क आयडीई जातीची आणि 'एचडीए' नावाची असे, त्यामुळे गोंधळ नव्हता: एच म्हणजे घरची, एस म्हणजे पाहुणी. जुन्या मार्गदर्शिकांत सगळीकडे 'एसडीए१ माउंट करा' असंच लिहिलेलं सापडेल.

२००७ च्या सुमारास हार्डडिस्कांचा कारभार कर्नेलमधल्या नव्या यंत्रणेकडे गेला आणि घरची डिस्कच 'एसडीए' झाली. पेनड्राइव्ह झाला 'एसडीबी'. जुनी मार्गदर्शिका समोर ठेवून नव्या संगणकावर फॉरमॅटची आज्ञा देणाऱ्यानं काय गमावलं असेल, ते सांगायला नको. पुढे एनव्हीएमई जातीच्या डिस्का आल्या, त्यांची नावंच निराळी; त्यामुळे आजच्या बऱ्याच लॅपटॉपांवर पेनड्राइव्ह पुन्हा 'एसडीए' आहे. वीस वर्षांत नाव फिरून जागेवर आलं. यातून एक सवय मात्र लावून घ्यावी: नावावर विसंबू नये. 'एलएसबीएलके' ही आज्ञा सगळ्या डिस्का आकारासकट दाखवते. ५०० जीबीची डिस्क आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह यांत नजरचूक होत नाही, 'ए' आणि 'बी' मध्ये होते.

पेनड्राइव्ह खरंच ओळखला गेला का, हे पाहायला 'डीमेसेज' आहे. कर्नेलची ही रोजनिशी. नवं यूएसबी उपकरण आलं, त्याचा वेग अमुक, त्यावर इतके ब्लॉक, काढता येणारी डिस्क जोडली, अशा चार-सहा ओळी उमटायला हव्यात. काहीच उमटलं नाही तर दोष खाचेत, तारेत किंवा पेनड्राइव्हमध्ये आहे. सॉफ्टवेअरशी भांडून उपयोग नाही. ओळी उमटल्या पण शेवटी 'एसडीबी१' दिसलं नाही, तर कधीकधी पेनड्राइव्हवर विभागच केलेले नसतात, फ्लॉपीसारखी सगळी जागा एकसंध असते. मग आकडा गाळून नुसता 'एसडीबी' माउंट करायचा. याच्या शोधात पूर्वी रात्री गेल्या आहेत.

कर्नेलच्या स्रोतसंहितेत 'अनयूज्वल डेव्हज' नावाची एक फाइल आहे. जी उपकरणं नियमाप्रमाणे वागत नाहीत त्यांची ही यादी. काही उपकरणांना 'शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक काय?' विचारलं तर ती 'एकूण ब्लॉक किती' ते सांगतात. मोजणी शून्यापासून असल्यामुळे उत्तर एकानं चुकतं, आणि कर्नेल अस्तित्वातच नसलेला शेवटचा ब्लॉक वाचायला जाऊन अडकतं. विंडोजवर हे उपकरण चालतं ना, मग झालं, असं बनवणाऱ्यानं म्हटलेलं असतं. प्रमाण नावाचा कागद आणि बाजारात प्रत्यक्ष विकली जाणारी वस्तू यांच्यातलं अंतर इतक्या प्रांजळपणे नोंदवलेलं दुसरीकडे क्वचितच दिसेल. लिनक्सवर पेनड्राइव्ह 'आपोआप चालतो', त्या आपोआपमध्ये या यादीचा वाटा मोठा आहे.

ओळख पटल्यावर पुढचा पेच अधिकाराचा. युनिक्सच्या घराण्यात सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं. सी, डी, ई अशी वेगळी ड्राइव्हं नसतात. नवी डिस्क म्हणजे त्या झाडावर बांधलेली कलमाची फांदी. हे बांधणं म्हणजे माउंट. लिनक्सच्या मराठी भाषांतरांत यासाठी 'आरोहित' हा शब्द भेटतो, आणि पेनड्राइव्ह घोड्यावर बसलेला डोळ्यांपुढे येतो. आपण माउंटच म्हणू. ही परवानगी फक्त रूटला होती, आणि त्याला कारण होतं. पाहुण्या डिस्कवर एखादा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराची खूण लावून आणता येतो. कुणीही कुठलीही डिस्क बांधू शकला तर यंत्रणेची किल्लीच त्याच्या हाती जाते. विद्यापीठातल्या, पन्नास जण वापरत असलेल्या संगणकासाठी हे रास्त. घरातल्या एकट्याच्या संगणकासाठी मात्र आपल्याच दारावर आपणच पहारेकरी बसवल्यासारखं.

यावरचे तोडगे पायरीपायरीनं आले. 'एफएसटॅब' फाइलीत एक ओळ लिहून साध्या वापरकर्त्याला माउंट करू देणं ही पहिली. मँड्रेकसारख्या वितरणानं आपोआप माउंट करणारं 'सुपरमाउंट' वापरून पाहिलं, ते फार टिकलं नाही. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांचं 'यूडेव्ह' आलं आणि उपकरण लागताच त्याची बातमी कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅमांना मिळू लागली. मग रॉबर्ट लव्ह यांच्या 'प्रोजेक्ट यूटोपिया'नं ती बातमी डेस्कटॉपवरच्या चित्रापर्यंत पोचवली. मधला 'हाल' नावाचा अवजड थर पुढे बाद झाला आणि त्याची जागा 'यूडिस्क्स'नं घेतली. आज खिडकी उघडते ती त्याच्यामुळे. यात एक बारीक शहाणपण आहे. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला पासवर्ड विचारला जात नाही. दुरून जाळ्यावरून आलेल्याला मात्र विचारला जातो. ज्याच्या हातात पेनड्राइव्ह आहे तो खुर्चीतच असणार, एवढं साधं गृहीतक, आणि ते सुचायला बरीच वर्षं लागली.

इथवर सगळं तंत्राचं. फाइलसिस्टीमशी आलो की मामला व्यापाराचा होतो. बाजारातला पेनड्राइव्ह येतो तो बहुधा फॅट३२ करून. जुनी, साधी व्यवस्था, टीव्हीपासून गाडीतल्या स्टीरिओपर्यंत सगळ्यांना कळणारी. तिला कुठल्याच फाइलीचा मालक ठाऊक नाही आणि ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यात मावत नाही. 'पेनड्राइव्हवर १० जीबी रिकामी आहे, तरी जागा नाही म्हणतो' ही तक्रार तिथूनच येते. लांब नावं साठवण्याच्या तिच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टची पेटंटं होती आणि २००९ मध्ये लिनक्सवर चालणारी दिशादर्शक यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉमवर त्यावरून खटलाही झाला. तो महिनाभरात तडजोडीनं मिटला. मोठ्या फाइलींसाठी आलेल्या एक्सफॅटची कथा अधिक लांबली. २००६ चं हे तंत्र लिनक्सच्या कर्नेलमध्ये अधिकृतपणे यायला २०१९ साल उजाडलं. त्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं तपशील खुले केले, नोव्हेंबरच्या ५.४ आवृत्तीत कच्चा चालक आला, आणि २०२० च्या ५.७ मध्ये सॅमसंगचा नवा, नीटनेटका. त्याआधी प्रत्येकाला एक जादा पॅकेज शोधून बसवावं लागे, आणि 'लिनक्सवर माझा पेनड्राइव्ह चालत नाही' म्हणणाऱ्यांतल्या अनेकांची तक्रार खरं म्हणजे वकिलांविषयी होती.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टीमचं थोडक्यात: २००७ पासून 'एनटीएफएस-३जी'मुळे त्यावर भरवशानं लिहिता येऊ लागलं, आणि २०२१ च्या ५.१५ पासून पॅरागॉनचा चालक कर्नेलमध्येच आहे. फक्त लिनक्सच्याच संगणकांत फिरणारा पेनड्राइव्ह लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीमचा करावा असं बरेच जण सुचवतात. मी सुचवणार नाही. तिथे फाइलीचा मालक नावानं नव्हे, आकड्यानं नोंदलेला असतो. घरच्या संगणकावर तुमचा आकडा १००० आणि कचेरीतल्यावर १००३ असेल, तर स्वतःच्याच फाइलीवर लिहिताना 'परवानगी नाही' असं ऐकून घ्यावं लागतं.

मराठी वाचकाला यात एक खास घरचा पदर आहे. फॅटवरची लांब नावं पेनड्राइव्हवर सोळा बिटांच्या युनिकोडमध्येच लिहिलेली असतात, म्हणजे देवनागरी नाव तिथे शाबूत असतं. पण लिनक्सचा व्हीफॅट चालक ते नाव वरच्या थराला देताना मुळात पश्चिम युरोपीय लिपीच्या एका तक्त्यात बसवू पाहत असे. तक्त्यात 'क' नाही, 'ख' नाही; मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. लग्नाच्या निमंत्रितांची यादी आणि सोसायटीचा जमाखर्च, दोन्ही '????' होऊन शेजारी बसत, आणि उघडायला जावं तर अशी फाइलच नाही असं उत्तर मिळे. माउंट करताना यूटीएफ-८ चा पर्याय दिला की सगळं जागेवर येई, कारण बिघडलेलं काहीच नव्हतं. आता हा पर्याय यूडिस्क्स स्वतःच देतं. आपल्याकडे हा अनुभव कमी जणांना आला, कारण मजकूर मराठी आणि फाइलीचं नाव रोमन ही आपली सवय.

या विषयाचं शेपूट अजून वळवळतं आहे. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं दर चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, पायमोडका हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. 'महाराष्ट्र' हा एक शब्द ३० बाइटांचा. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. फॅटवर मात्र मर्यादा २५५ चिन्हांची. त्यामुळे शासन निर्णयाच्या अख्ख्या विषयाला फाइलीचं नाव करणाऱ्या एखाद्या कारकुनाची फाइल पेनड्राइव्हवर सुखानं राहते आणि लिनक्सच्या डिस्कवर उतरवताना 'नाव फार लांब' म्हणून अडते. इंग्रजीत हा प्रसंग येतच नाही, कारण तिथे दर अक्षर एकाच बाइटाचं.

व्हायरसांबद्दल थोडं. झेरॉक्सच्या दुकानात 'पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी विचारा' अशी पाटी लागण्याचा तो काळ. विंडोज पेनड्राइव्हवरच्या 'ऑटोरन' फाइलीचं न विचारता ऐकत असे. फोल्डरचं चित्र पांघरलेला प्रोग्रॅम एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. २०११ च्या फेब्रुवारीतल्या दुरुस्तीनं जुन्या विंडोजवरही हे बहुतांशी थांबलं. त्या वर्षांत अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते पेनड्राइव्ह धुण्याचं यंत्र म्हणून: लपवलेले फोल्डर तिथे उघडे दिसत आणि ऑटोरन निमूट पुसता येई. पण म्हणून लिनक्सवाल्यांनी निर्धास्त राहू नये. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवलेल्या 'बॅडयूएसबी'त पेनड्राइव्ह आपण कीबोर्ड आहोत असं सांगतो आणि स्वतःच आज्ञा टाइप करू लागतो. कीबोर्डवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम विश्वास ठेवतेच. अनोळखी उपकरण परवानगीशिवाय जोडू न देणारं 'यूएसबीगार्ड' लिनक्सवर आहे. घरी ते वापरणारा मला अजून भेटायचा आहे.

पेनड्राइव्हवर लिनक्स चढवण्यासाठी 'डीडी' वापरतात, आणि तिथे वरचा 'एसडीए' की 'एसडीबी' हा प्रश्न जिवावर बेततो. डीडी काही विचारत नाही. काम झाल्यावर पेनड्राइव्हचा आकार भलताच दिसतो, म्हणून कित्येक जण तो बिघडला समजून टाकून देतात. जुन्या खुणा 'वाइपएफएस'नं पुसून नवा विभाग केला की तो पूर्ववत होतो. आकार खराच खोटा असण्याची शक्यताही धरावी. पदपथावर स्वस्तात मिळणारा ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह आत ८ जीबीचा असू शकतो. जागा संपली की तो जुन्याच जागेवर लिहितो आणि काही बोलत नाही. 'एफ३' नावाचं साधन पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून ताळा करतं. नवा पेनड्राइव्ह घेतला की मी आधी ते चालवतो, दुकानदाराचा चेहरा कितीही ओळखीचा असला तरी.

आता काढण्याकडे. सीडीचा ट्रे कर्नेल बंद ठेवू शकतं. पेनड्राइव्हला कुलूप नाही. ही डिस्क अशी की तिच्यावर शेवटचा शब्द कर्नेलचा नसून माणसाच्या बोटांचा असतो. आणि लिनक्सला तर लिहिण्याची घाई नसते. फाइल कॉपी करताना ती आधी मेमरीत जाते. डिस्कवर सवडीनं, साधारण अर्ध्या मिनिटानंतर किंवा मेमरीतला न लिहिलेला साठा ठरावीक टक्क्यांवर गेला की. हे टक्के मुळात १० आणि २० असे आहेत: दहावर मागच्या मागे लिहिणं सुरू होतं, विसावर कॉपी करणाऱ्याला थांबवलं जातं. मेमरी ६४ एमबी होती तेव्हा हे आकडे बेताचे होते. १६ जीबीच्या संगणकावर विसाव्या टक्क्यापर्यंत पोचायला जवळजवळ ३ जीबी साचावे लागतात. सेकंदाला ५ एमबी लिहिणारा स्वस्त पेनड्राइव्ह तेवढं उतरवायला दहा मिनिटं घेतो. पडद्यावरची पट्टी मात्र केव्हाच १०० टक्क्यांवर पोचून नाहीशी झालेली असते.

याचा दुसरा जाच असा की पेनड्राइव्हची ही थकबाकी संपेपर्यंत कधीकधी सगळा संगणकच अडखळतो. २०१३ मध्ये कर्नेल लिहिणाऱ्यांत यावर मोठी चर्चा झाली. आता दर डिस्कला वेगळी मर्यादा घालता येते, पण मूळ टक्के आहेत तेच आहेत. उलटा उपायही करून झाला होता. पेनड्राइव्ह 'सिंक' पर्यायानं माउंट करायचा, म्हणजे प्रत्येक गोष्ट लगेच लिहिली जाईल. २००५ च्या सुमारास फॅटचा चालक हा पर्याय मनापासून पाळू लागला, तेव्हा दर तुकड्यामागे फॅटचा तक्ताही पुन्हा लिहिला जाऊ लागला. वेग गोगलगायीचा, आणि तक्त्याच्या त्याच त्या जागेवर हजारो वेळा लिहून फ्लॅशची चिप झिजायची. मग 'फ्लश' हा मधला मार्ग निघाला: कॉपी आटोपली की लिहायला लागायचं, टक्क्यांची वाट पाहायची नाही. यूडिस्क्स फॅटसाठी हाच वापरतं.

त्यामुळे 'इजेक्ट' दाबल्यावर वेळ लागला तर समजावं की तो खरं बोलतो आहे. अनमाउंट करताना 'व्यग्र आहे' असा नकार आला तर 'एलएसओएफ'नं पाहावं की फाइल कुणी धरून ठेवली आहे. निम्म्या वेळा टर्मिनलमध्ये आपणच त्या फोल्डरात उभे असतो. न विचारता उपटलेला पेनड्राइव्ह लगेच परत लावला तर तो 'एसडीबी'ऐवजी 'एसडीसी' होऊन येतो, कारण जुन्या नावाचा हिशेब अजून मिटलेला नसतो. त्याच वेळी रोजनिशीत नोंद पडते की ही डिस्क रीतसर काढली गेली नव्हती, 'एफएससीके' चालवा. ती नोंद फार थोडे जण वाचतात.

पूर्वीच्या पेनड्राइव्हला एक दिवा असे. पट्टी काहीही म्हणो, दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही, हे लहान मुलांनाही कळायचं. अलीकडचे नखाएवढे धातूचे पेनड्राइव्ह बिनदिव्याचे येतात. मी टर्मिनल उघडून, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी 'सिंक' ही आज्ञा टाइप करतो, एंटर दाबतो, आणि खालच्या ओळीवर कर्सर परत येईपर्यंत चहा घेतो.